पोत्यामागे फिरा: कारखान्यात पहिल्यांदा लीन करणाऱ्यांसाठी

जळगावात एखाद्या मालकाच्या कानावर 'लीन' हा शब्द पडला की तो आधी पिवळा रंग मागवतो. जमिनीवर पट्टे, भिंतीवर जपानी शब्दांचे बोर्ड, पाहुणे आले की फोटो. तीन महिन्यांनी पट्ट्यांवर कट्ट्यांची, म्हणजे पोत्यांची, थप्पी लागलेली असते आणि बोर्डामागे पालीने संसार थाटलेला असतो. असे पट्टे मीही मारलेत. पत्र्याच्या शेडखाली, ऐन मे महिन्यात, बनियनवर. तेव्हा मी एका डाळ मिलमध्ये सुपरवायझर होतो. पुढे प्लॅस्टिक चटईच्या कारखान्यात गेलो. खाली जे लिहितोय ते या दोन ठिकाणी चुकत-माकत जमलेलं आहे.

आयटीआय किंवा डिप्लोमा करून नुकतेच कामाला लागलात आणि 'आपल्याकडे लीन करून दाखव' हे झेंगट गळ्यात पडलंय, अशांसाठी हे आहे. धुळ्याकडे जिनिंगला असा, रावेर-सावद्याला केळीच्या पॅकिंगवर असा की शिरपूरला सूतगिरणीत, पायऱ्या त्याच.

पहिल्या मीटिंगला मी म्हटलं, "आता आपल्याला लीन व्हायचंय." हमालांचे मुकादम अप्पा लगेच म्हणाले, "कोणाच्या चरणी?" सगळे हसले. पण शब्दाचा अर्थ कोणालाच माहीत नाही, हे मला त्या हसण्यातून कळलं. त्यामुळे तुम्ही शब्दापासून सुरुवात करू नका. एवढंच सांगा: गिऱ्हाईक ज्या कामाचे पैसे देतं ते ठेवायचं, बाकीचं शोधून हळूहळू कमी करायचं.

हे आलं कुठून, थोडक्यात. साकिची टोयोडा नावाच्या जपानी माणसाने १९२४ मध्ये असा माग बनवला की धागा तुटला की माग आपोआप थांबायचा. माणसाने नुसतं मागाकडे बघत उभं राहायची गरज उरली नाही, आणि खराब कापडही पुढे जाईना. त्या मागाचे हक्क १९२९ मध्ये एका इंग्लिश कंपनीने विकत घेतले. त्याच घरातून पुढे टोयोटा मोटार निघाली. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे पैसा कमी, जागा कमी, गिऱ्हाईकही कमी. ताईची ओनो या अभियंत्याने त्या तंगीतून कामाची पद्धत बसवली. तिला 'लीन', म्हणजे सडपातळ, हे नाव मात्र १९८८ मध्ये जॉन क्राफचिक या अमेरिकन संशोधकाच्या लेखातून मिळालं. आपल्या चटईच्या मागावर नळी किंवा धागा तुटल्यावर माग थांबतो का, की पोरगं ओरडत धावतं, हे एकदा बघून घ्या. शंभर वर्षांपूर्वीचा प्रश्न आहे तो.

पहिली पायरी: एक कट्टा निवडा आणि त्याच्या मागे फिरा

नवा माणूस हमखास चूक करतो ती इथेच. तो स्टॉपवॉच घेऊन कामगाराच्या मागे लागतो. मीही लागलो होतो. दुसऱ्याच दिवशी भरणीवरच्या एकाने मला विचारलं, "भाऊ, तू मना मांगे काबर फिरी राह्यना?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. माणसाकडे बघत राहिलं की तो बावरतो, नेहमीपेक्षा जोरात काम करतो किंवा मुद्दाम हळू करतो. दोन्हीकडे तुमची वही खोटी.

मग मी तुरीच्या एका कट्ट्याला लाल सुतळी बांधली आणि त्याच्या मागे फिरलो. माल बावरत नाही.

वहीत चार रकाने पुरतात: वेळ, जागा, काय झालं, थांबला असेल तर कशासाठी. हॉपरमध्ये, म्हणजे मशीनच्या माल ओतायच्या तोंडात, ओतल्यावर कट्टा संपतो, मग त्या लॉटचा माग काढायचा. माझा कट्टा गेटमधून आत आल्यापासून डाळ होऊन गाडीत चढेपर्यंत ११ दिवस लागले. त्यात ओट्यावर ऊन ३ दिवस, तेल लावून मुरायला १ रात्र. मशीनवर सगळं मिळून ५ तासही नाही. उरलेले जवळजवळ सात दिवस तो माल कुठल्या ना कुठल्या थप्पीत पडून होता. सहा वेळा उचलला गेला, त्यातल्या तीन वेळा फक्त आडवा येतो म्हणून.

ओट्यावरचं ऊन वाया गेलेला वेळ धरू नका. तुरीचं टरफल आतल्या डाळीला चिकाने घट्ट धरलेलं असतं. तेल-पाणी लावून, मुरवून, वाळवून ती पकड सुटते, तेव्हा कुठे रोलवर टरफल निघतं. ही वाट बघणं म्हणजे प्रक्रियाच आहे. वाळलेला माल रोल मोकळा नाही म्हणून दोन दिवस पडून राहतो, ते मात्र नुकसान. हा फरक कळायला पुस्तक उपयोगी पडत नाही, जुन्या मिस्त्रीलाच विचारावं लागतं.

ओनो नव्या माणसाला कारखान्यात खडूचं वर्तुळ काढून त्यात तासन्तास उभं करत आणि काय दिसलं ते विचारत, असं सांगतात. आपल्याकडे मे महिन्यात ४४-४५ अंशांत पत्र्याखाली कोणाला वर्तुळात उभं करू नका. सकाळचे दोन तास पुरे. पण आधी सगळ्यांना सांगून उभे राहा, आणि वहीत काय लिहिलंय ते विचारलं तर दाखवा.

दुसरी पायरी: नासाडीला नाव द्या

ओनोने सात प्रकार सांगितले: गरजेपेक्षा जास्त बनवणं, वाट बघणं, मालाची ने-आण, नको ती जास्तीची प्रक्रिया, साठा, माणसाची नको ती हालचाल, आणि खराब माल. सातही पाठ करायची गरज नाही. पहिला प्रकार तेवढा नीट समजून घ्या, कारण बाकीचे बरेचसे त्याच्या पोटातून निघतात. मशीन चालू आहे, लाइट आहे, माणसं आहेत, मग बनवून ठेवू, असं म्हणून निळ्या चटया बनवत राहतो. त्या ठेवायला जागा लागते, जागा अडली की दुसरा माल उचलून बाजूला ठेवावा लागतो, उचलताना कडा फाटतात, आणि गिऱ्हाईक मागतं लाल.

साठ्याबद्दल मात्र टोयोटाचा नियम जसाच्या तसा उचलू नका. गाडीचे सुटे भाग बारा महिने बनतात. आपली तूर साधारण डिसेंबर-जानेवारीपासून बाजारात येते आणि काही महिन्यांत आवक ओसरते. डाळ मात्र वर्षभर लागते. कच्च्या तुरीचा साठा हा मिलचा धंदाच आहे, त्यावर मालकाशी वाद घालाल तर हसू होईल. तुमचा हक्क चालतो तो चाळणी आणि कट्ट्यांची शिलाई यांच्या मधल्या थप्प्यांवर. त्या मोजा. हिशेब सोपा आहे: रोलपुढे ६० कट्टे थांबलेत आणि रोल तासाला १० कट्टे ओढतो, तर आज मागे लावलेल्या कट्ट्याचा नंबर सहा तासांनी. थप्पी ३० वर आणली की तीन तासांनी. एक रुपयाचं मशीन न घेता.

टोयोटात नासाडीला 'मुदा' म्हणतात. तिच्या जोडीला 'मुरा' म्हणजे कमी-जास्तपणा आणि 'मुरी' म्हणजे झेपणार नाही इतका भार, असे आणखी दोन शब्द आहेत. महिन्याच्या २५ तारखेपर्यंत निवांत आणि मग गाड्यांची रांग, हा मुरा. दुपारी दोनला ५० किलोचा कट्टा पाठीवर, हा मुरी. जड उचल उन्हाळ्यात सकाळी दहाच्या आत उरकायची आणि दुपारी शिलाई-लेबलचं काम ठेवायचं, एवढ्या बदलाने आमच्याकडे दुपारचे खाडे कमी झाले.

तिसरी पायरी: जागा मोकळी करा

याला फाइव्ह एस म्हणतात: सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. म्हणजे नको ते काढा, उरलेलं जागेवर लावा, झाडा-पुसा, तीच पद्धत सगळ्या पाळ्यांना लावा, आणि ती मोडू देऊ नका. लोक याला साफसफाई समजून सोडून देतात.

नको ते काढताना भांडण होतं, ते गृहीत धरा. 'कधीतरी लागेल' असं म्हणून ठेवलेले मशीनचे जुने पट्टे, जळके मोटर, फुटके पंखे. उपाय असा: वस्तूला लाल चिठ्ठी बांधा, तारीख लिहा, महिनाभर एका कोपऱ्यात ठेवा. कोणी मागितली नाही तर भंगारात. फेकण्याचा निर्णय तुम्ही घेतला नाही, तारखेने घेतला, त्यामुळे फिटरदादा रुसत नाहीत.

पाने-पकडींसाठी प्लायवर प्रत्येक पान्याची आकृती काढून खिळे ठोका. रिकामी आकृती लांबूनही दिसते. बाकी झाडण्याचं खरं काम म्हणजे तपासणी. गिअरबॉक्स पुसल्यावरच कळतं की तेल कुठून गळतंय. आणि जिनिंगवाल्यांनो, तुमच्याकडे कापसाची लिंट बेअरिंगवर साचू देणं म्हणजे आगीला आमंत्रण आहे. तुम्हाला या पायरीचं महत्त्व मी सांगायला नको.

चौथी पायरी: बदलाची वेळ कमी करा

चटईच्या कारखान्यात मला सगळ्यात जास्त फायदा इथे दिसला. नळी काढणाऱ्या एक्स्ट्रूडरवर रंग बदलायचा म्हणजे मशीन थांबवा, जाळी काढा, जुना रंग निघेपर्यंत दाणा जाळत बसा. बाहेर पडणारे गोळे भंगारात. समजा एका बदलाला ९० मिनिटं लागतात आणि दिवसात चार बदल आहेत, तर सहा तास गेले. म्हणून सुपरवायझर काय करतो? बदल नको म्हणून एकच रंग दोन दिवस चालवतो. जास्तीचा माल तिथूनच जन्माला येतो.

शिगेओ शिंगो या जपानी तज्ज्ञाने यावर जी युक्ती सांगितली ती अगदी घरगुती आहे. मशीन बंद असतानाच करावं लागतं ते काम वेगळं काढा, मशीन चालू असताना करता येईल ते वेगळं. मग दुसऱ्या गटातलं सगळं आधीच उरका. पाहुणे दारात आल्यावर कणीक मळायला बसत नाही ना आपण? टोयोटात १००० टनांच्या एका प्रेसचा साचा बदलायला चार तास लागत. १९६९ च्या सुमारास शिंगोने ते आधी ९० मिनिटांवर आणि पुढच्या काही महिन्यांत ३ मिनिटांवर आणलं.

आपण तीन मिनिटांची स्वप्नं बघू नयेत. पण हे करता येतं: पुढच्या रंगाचा दाणा आणि मास्टरबॅच (त्यात मिसळायचा रंगाचा दाणा) आधीच तोलून, मिसळून ड्रमात तयार. जाळीचा दुसरा संच धुऊन तयार. लागणारे पाने एका ट्रॉलीवर, म्हणजे स्टोअरला चकरा नाहीत. आणि रंगांचा क्रम फिकटाकडून गडदाकडे: पांढरा, पिवळा, नारिंगी, लाल, मग निळा, शेवटी काळा. पांढऱ्यावर पिवळा चढवायला थोडाच दाणा जातो, काळ्यानंतर पांढरा काढायला मात्र नाकी नऊ येतात. हा क्रम ऑर्डर घेणाऱ्या ऑफिसला माहीत हवा. नाहीतर सकाळी अकराला फोन येतो, "काळ्याच्या आधी जरा पांढऱ्या शंभर काढ ना."

एका बदलाचा मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि जे बदल करतात त्यांच्यासोबतच बघा. तुम्ही काही बोलायची गरज पडत नाही. "अरे, मी दोनदा स्टोअरला कशाला गेलो?" असं तेच म्हणतात.

पाचवी पायरी: 'का' विचारा, पण माणसावर येऊन थांबू नका

एखाद्या दोषाला पाच वेळा 'का' विचारायचं, ही टोयोटाची प्रसिद्ध रीत. सोपी वाटते आणि फसते. आपल्याकडे दुसऱ्याच 'का'ला उत्तर येतं, "तो लक्ष देत नाही." तिथे थांबलात तर त्या पोराला शिव्या बसतात आणि दोष तसाच राहतो.

आमच्या भरणीचं उदाहरण घ्या. ३० किलोच्या कट्ट्यात थोडी डाळ जास्त जात होती. का? भरणारा मुद्दाम एक मूठ जास्त टाकत होता. का? वजन कमी भरलं तर वजनमाप खात्याचा दंड, त्याची भीती. पण बरोबर ३० का भरत नव्हता? काट्याचा आकडा स्थिर राहत नव्हता, पुढेमागे नाचत होता. का? काट्याचा स्टँड चाळणीच्याच लोखंडी चौकटीला वेल्डिंग केलेला होता, आणि चाळणी दिवसभर थरथरते. तिथे का बसवला? नवी चाळणी आली तेव्हा दुसरी जागाच नव्हती, कारण त्या कोपऱ्यात जळके मोटर पडलेले होते. म्हणजे तिसऱ्या पायरीचं दुखणं पाचव्या पायरीत निघालं.

आता हिशेब करा. समजा एका कट्ट्यात ८० ग्रॅम जास्त जातात आणि दिवसाला ५०० कट्टे भरता. ४० किलो झाले. पंचवीस दिवसांच्या महिन्यात १००० किलो, एक टन डाळ फुकट. उपाय होता सिमेंटचा वेगळा ओटा, दीड दिवसाचं गवंडीकाम. मूठ टाकणाऱ्या पोराची काहीच चूक नव्हती. उलट मालकाला दंडातून तोच वाचवत होता.

चुरीचंही, म्हणजे डाळीच्या तुटक्या कणांचंही, असंच. चुरी जास्त निघाली की आधी रोलवाल्याकडे बोट. पण बारीक आणि जाड दाणा एकत्रच रोलवर सोडला तर बारीक दाण्याचं टरफल निघेपर्यंत जाडा जास्त घासला जाऊन तुटतो किंवा बारीक तसाच निसटतो. आधी चाळणीने दाणे आकाराप्रमाणे वेगळे करणं हा तिथला खरा धागा. चुरी जनावरांच्या खाद्यात जाते, भाव डाळीच्या जवळपासही नाही.

हमालीचा प्रश्न आधी सोडवा

ही पायरी मला कोणी सांगितली नव्हती, म्हणून वेगळी लिहितोय. हमाली नगावर असते. कट्टा तीन वेळा उचलला तर तीन वेळा पैसे. तुम्ही आनंदाने वहीत लिहिता, 'दोन उचली कमी केल्या', तेव्हा तुम्ही कोणाच्या तरी घरचा भाजीपाला कमी केलेला असतो. मग थप्पी नव्या जागी का लागत नाही, याचं आश्चर्य वाटायला नको.

मी आधी चूक केली. मांडणी बदलली, मग बोलायला गेलो. पंधरा दिवस काम कुरकुरत चाललं. शेवटी मालक, अप्पा आणि मी बसलो आणि उरलेल्या उचलींचा दर वाढवून दिवसाची कमाई पूर्वीइतकी राहील असं ठरवलं. अप्पांनी त्यानंतर स्वतःहून आणखी एक उचल कमी करून दिली, जी माझ्या वहीत आलीच नव्हती.

दुसऱ्या एका ठिकाणी याच्या उलटं घडलेलं पाहिलं. पहिल्या सुधारणेत भरणीवर दोन माणसं मोकळी झाली आणि मालकाने त्याच आठवड्यात दोघांना घरी बसवलं. त्यानंतर त्या शेडमधल्या एकाही माणसाने एकही अडचण बोलून दाखवली नाही. मोकळी झालेली माणसं दुसऱ्या पाळीला, मेंटेनन्सला, पॅकिंगला लावा, आणि हे मालकाकडून सुरुवातीलाच सगळ्यांसमोर वदवून घ्या. तो तयार नसेल तर लीन सुरू करू नका. पट्टेच मारा, निदान फोटो चांगले येतात.

सल्लागार हवा असेल तर

केंद्र सरकारची एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कॉम्पिटिटिव्ह लीन योजना मार्च २०२३ पासून नव्या रूपात सुरू आहे. उद्यम नोंदणी (अशा उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या कारखान्याला तिच्यात भाग घेता येतो. बेसिक, इंटरमीडिएट आणि ॲडव्हान्स्ड अशा तीन पातळ्या आहेत, आणि वरच्या दोन पातळ्यांत सल्लागाराच्या खर्चाचा ९० टक्के भार सरकार उचलतं. अर्ज ऑनलाइन. पण सल्लागार यायच्या आधी तुमची स्वतःची वही भरलेली असू द्या. नाहीतर तो पुण्याच्या गाड्यांच्या कारखान्याचे फोटो दाखवून जाईल.

रोजची दहा मिनिटं

पाळी बदलताना दहा मिनिटं, उभ्यानेच, एका फळ्यापुढे. फळ्यावर तीन गोष्टी: काल किती ठरलं होतं, किती झालं, कुठे अडलं. अडलेल्या गोष्टीपुढे कोण बघणार ते नाव आणि तारीख. बस. रंगीत तक्ते, टक्केवारी, बाण यांच्या नादी लागू नका. आमच्याकडे सुरुवातीला फळ्यावर 'सगळं ठीक' एवढंच असायचं. मी स्वतःची एक चूक लिहिली, चुकीच्या मापाची जाळी मागवली होती ती. त्या दिवसानंतर लोक लिहायला लागले.

शिलाईचा दोरा, सुया, लेबल अशा किरकोळ वस्तूंसाठी दोन डबे करा. पहिला संपला की रिकामा डबा स्टोअरच्या खिडकीत ठेवायचा, तोच मागणीचा कागद. दुसरा डबा चालू. दोरा संपला म्हणून शिलाई थांबणं आमच्याकडे यानेच बंद झालं.

तीन महिन्यांनी पुन्हा लाल सुतळी

सुरुवातीची वही जपून ठेवा आणि तीन महिन्यांनी तसाच कट्टा घेऊन पुन्हा फिरा. मी फिरलो तेव्हा ११ चे ७ दिवस झाले होते, सहा उचलींच्या तीन. मी खुशीत वही मिटली. अप्पा गाडीच्या फाळक्याला टेकून बिडी पेटवत होते. म्हणाले, "कट्टा ते लवकर उना भाऊ, पण गाडी आजून उभीच शे. आते हापिसमा जाय."

गाडी चार वाजता भरून तयार होती. मुनीमजी सगळ्या गाड्यांची बिलं आणि ई-वे बिलं संध्याकाळी एकदम करायचे, म्हणून ती साडेसहापर्यंत गेटवर. दुसऱ्या दिवशी मी सुतळी बिलाच्या फायलीला बांधली.